एअरफ्लो, पांडाज आणि पोस्टग्रेस एकाच यंत्रावर: आवृत्त्यांचा झगडा टाळून घटक वेगळे ठेवण्याची रीत

पायथनमध्ये डेटाचे काम करणाऱ्यांना २०२४ च्या सुरुवातीपासून एक चमत्कारिक त्रुटी भेटू लागली. पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीतील, डेटाफ्रेम (तिच्यातला तक्ता) थेट डेटाबेसच्या तक्त्यात लिहिणारे 'टू_एसक्यूएल' हे फंक्शन, कालपर्यंत बिनबोभाट चालत असूनही, "'इंजिन' ऑब्जेक्टला 'कर्सर' नावाचा गुणधर्म नाही" अशा अर्थाचा संदेश देऊन थांबत असे. त्याच्या आधी एक सूचनाही छापली जाई: कृपया एसक्यूएल-अल्केमी (पायथनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरण्याचा विचार करावा. कोडमध्ये तर एसक्यूएल-अल्केमीच वापरलेली असे, त्यामुळे वाचणारा आणखीच बुचकळ्यात पडे.

कारण असे होते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या पांडाज २.२ ने एसक्यूएल-अल्केमीची किमान मान्य आवृत्ती २.० केली. त्याहून जुनी आवृत्ती सापडली, तर ही लायब्ररी जणू यंत्रावर नाहीच असे पांडाज धरून चालते, हाती आलेल्या इंजिनाला (एसक्यूएल-अल्केमीच्या जोडणी-वस्तूला) साधे डेटाबेस-कनेक्शन समजते आणि त्याच्याकडे 'कर्सर', म्हणजे डेटाबेसचे आदेश चालवणारी वस्तू, मागते. दुसऱ्या बाजूला, कामांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या अपाचे एअरफ्लोच्या दुसऱ्या मालिकेने एसक्यूएल-अल्केमी २.० च्या खालीच राहावी असे बंधन घातले होते. म्हणजे एअरफ्लो आणि नवा पांडाज एकाच ठिकाणी बसवले, की दोघांपैकी एकाची अडचण होणे ठरलेलेच. अशा वेळी पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या पिपचा 'पिप चेक' हा आदेश चालवून पाहिल्यास सर्व काही ठीक असल्याचे उत्तर मिळते, कारण पांडाजच्या दृष्टीने एसक्यूएल-अल्केमी हे ऐच्छिक अवलंबन (लागल्यासच बसवायचे पॅकेज) आहे आणि ऐच्छिक अवलंबने 'पिप चेक' तपासत नाही.

हेच उदाहरण धरून, घटक एकमेकांपासून वेगळे कसे ठेवावेत याची रीत पुढे पायरीपायरीने मांडली आहे. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत. उदाहरणे लिनक्स आणि मॅकसाठी आहेत, आणि विंडोजवर जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

दोन आवृत्त्या एकत्र का नांदत नाहीत

पायथनच्या एका इंटरप्रिटरला (कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) पॅकेजे ठेवण्यासाठी 'साइट-पॅकेजेस' नावाचे एक फोल्डर असते, आणि त्यात एका नावाचे एकच पॅकेज राहू शकते. शिवाय चालू प्रोग्रॅममध्ये एकदा आयात झालेले मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स' या यादीत नावानिशी नोंदले जाते. पुढे त्याच नावाची आयात कोणीही मागितली तरी यादीतलेच मॉड्यूल हाती दिले जाते. नोडजेएसमध्ये प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याचे स्वतंत्र 'नोड_मॉड्यूल्स' फोल्डर असू शकते, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एका प्रोग्रॅममध्ये सुखाने राहतात. पायथनने तो मार्ग घेतलेला नाही. म्हणून पायथनमध्ये वेगळेपणा हवा असेल, तर तो प्रोग्रॅमच्या आत नव्हे, तर प्रोग्रॅमच्या भोवती उभारावा लागतो. पुढच्या सगळ्या साधनांचा उगम याच मर्यादेत आहे.

आधी संघर्ष कोणत्या थरावर आहे ते ओळखावे

पॅकेजांचा वाद मिटवण्यासाठी थेट डॉकर (प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारे साधन) बसवणारे पुष्कळ भेटतात, आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नसताना व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथन पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) पुन्हापुन्हा बांधत बसणारेही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार होतो. संघर्षाचे साधारण चार थर असतात. सर्वांत वर पायथनची पॅकेजे, त्याखाली इंटरप्रिटरची आवृत्ती, त्याखाली सी भाषेत लिहिलेल्या सिस्टिम लायब्ररी, आणि या सर्वांच्या बाजूला डेटाबेससारख्या स्वतंत्र चालणाऱ्या सेवा. ज्या थरावर बिघाड आहे त्या थराला पुरेल असे सर्वांत हलके साधन निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जड साधन चालते खरे, पण ते रोज सांभाळावेही लागते.

थर ओळखण्याचा सर्वांत उपयोगी आदेश अगदी छोटा आहे: 'पायथन -सी "इम्पोर्ट एसक्यूएलअल्केमी; प्रिंट(एसक्यूएलअल्केमी.__फाइल__)"'. कोणती आवृत्ती बसवली आहे हे सांगणाऱ्या याद्यांपेक्षा, प्रत्यक्षात कोणती फाइल उचलली गेली हे यातून दिसते. उत्तरातला मार्ग प्रकल्पाच्या फोल्डरमधला नसून घरच्या 'डॉट लोकल' फोल्डरमधला किंवा 'यूएसआर' खालचा निघाला, तर प्रश्न आवृत्तीचा नसून भलतेच इंटरप्रिटर चालू असल्याचा आहे. 'पायथनपाथ' हा पर्यावरण-चल कोणी कधीकाळी ठरवून ठेवला असेल, तर तो व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्येही झिरपतो, म्हणून 'एको $पायथनपाथ' करून तो रिकामा असल्याची खात्री करावी.

फाइल योग्य जागेची असेल, तर 'पिपडेपट्री --रिव्हर्स --पॅकेजेस एसक्यूएलअल्केमी' चालवावे. हे साधन वेगळे बसवावे लागते, पण ते उलट्या दिशेने झाड काढून, एसक्यूएल-अल्केमी कोणाला हवी आहे आणि कोणत्या मर्यादेत हवी आहे, ते दाखवते. आपल्या उदाहरणात एअरफ्लोपुढे '२.० पेक्षा कमी' ही अट तिथे वाचायला मिळते.

आणखी काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. 'डिस्टयूटिल्स नावाचे मॉड्यूल नाही' हा संदेश इंटरप्रिटरच्या थराचा आहे, कारण ते मॉड्यूल पायथन ३.१२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, मूळ संचातून काढले गेले. 'पीजी_कॉन्फिग सापडत नाही' हा सिस्टिम लायब्ररीचा थर होय. सायकोपीजी२ हे पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारे पॅकेज मूळ कोडपासून बांधायचे असेल, तर पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीच्या विकास-फाइली यंत्रावर असाव्या लागतात. 'नमपाय १.एक्सने कंपाइल केलेले मॉड्यूल नमपाय २.० मध्ये चालू शकत नाही' हा संदेश मात्र फसवा आहे. तो सी भाषेतला वाटतो, पण उपाय पॅकेजांच्याच थरावर असतो: जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने कंपाइल केलेल्या पॅकेजांशी असलेली जुनी सुसंगती मोडली, त्यामुळे एकतर ती पॅकेजे नव्याने बांधलेल्या आवृत्तीत घ्यावीत किंवा नमपायला '<२' अशी अट घालावी.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पायथनला हात लावू नये

डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट 'पिप इन्स्टॉल' करू पाहिल्यास 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्न्मेंट' अशी त्रुटी येते. ही अडवणूक नसून संरक्षण आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची कित्येक साधने त्याच पायथनवर चालतात, आणि त्यांच्या खालची एखादी लायब्ररी पिपने बदलली, तर बिघडलेला भाग भलत्याच ठिकाणी दिसू लागतो. त्या संदेशातच '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' ही पळवाटही सांगितलेली असते. तिचे नावच पुरेसे बोलके आहे; एखाद्या कंटेनरच्या आत ती क्षम्य ठरू शकते, कामाच्या लॅपटॉपवर नाही.

ब्लॅक, रफ किंवा एचटीटीपीपाय यांसारखी जी साधने एखाद्या प्रकल्पाची नसून आपली रोजची हत्यारे असतात, ती 'पिपएक्स' वापरून बसवावीत. पिपएक्स प्रत्येक साधनासाठी आपोआप स्वतंत्र कप्पा करते आणि फक्त त्याचा आदेश बाहेर उपलब्ध ठेवते. यावर अधिक सांगण्यासारखे काही नाही.

दोन कामांना दोन कप्पे

व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटला या लेखात सोयीसाठी कप्पा म्हटले आहे. ही सोय देणारे 'वेन्व' मॉड्यूल २०१२ च्या पायथन ३.३ पासून भाषेसोबतच येते. डेबियन आणि उबुंटूवर मात्र ते 'पायथन३-वेन्व' या वेगळ्या पॅकेजात असल्यामुळे आधी 'एपीटी'ने बसवावे लागते.

आपल्या उदाहरणात एक कप्पा एअरफ्लोचा आणि दुसरा अहवाल तयार करणाऱ्या पांडाजच्या कोडचा असेल. प्रकल्पात 'शेड्यूलर' आणि 'रिपोर्ट' अशी दोन फोल्डरे करून प्रत्येकात जाऊन 'पायथन३ -एम वेन्व .वेन्व' हा आदेश द्यावा. तयार झालेल्या '.वेन्व' फोल्डरमध्ये फारसे गूढ काही नसते: 'पायवेन्व.सीएफजी' नावाची छोटी मजकूर-फाइल, मूळ इंटरप्रिटरकडे बोट दाखवणारा दुवा, आणि स्वतःचे 'साइट-पॅकेजेस'. विंडोजवर 'बिन' ऐवजी 'स्क्रिप्ट्स' हे फोल्डर असते, एवढाच ठळक फरक.

कप्पा 'सुरू' करण्याचा जो 'अ‍ॅक्टिव्हेट' आदेश असतो, तो टर्मिनलच्या 'पाथ' या चलात आपल्या कप्प्याचा मार्ग सर्वांत पुढे ठेवतो आणि सूचकचिन्हाआधी कप्प्याचे नाव छापतो. याहून फार काही तो करत नाही. म्हणूनच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत), सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या सेवेत किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून कोड चालवताना 'अ‍ॅक्टिव्हेट'च्या भरवशावर राहू नये. कप्प्यातील पायथनचा संपूर्ण मार्ग, उदाहरणार्थ '/एसआरव्ही/रिपोर्ट/.वेन्व/बिन/पायथन', लिहिला की काम झाले. त्याच न्यायाने नुसते 'पिप' न म्हणता 'पायथन -एम पिप' म्हणण्याची सवय लावावी, म्हणजे पॅकेज कोणत्या पायथनमध्ये जात आहे याबद्दल शंका राहत नाही.

कप्प्यातील आदेशांच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण मार्ग कोरलेला असतो. परिणामी फोल्डरचे नाव बदलले किंवा ते दुसरीकडे हलवले, की हे आदेश मोडतात. कप्पा हलवण्याऐवजी पुसून नव्याने बांधावा, आणि तो कधीही गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकू नये.

आता एअरफ्लोच्या कप्प्यात एअरफ्लो बसवायचा. त्याची अवलंबने शेकड्यांनी असतात, म्हणून एअरफ्लोचा चमू प्रत्येक आवृत्तीसाठी आणि पायथनच्या प्रत्येक मान्य आवृत्तीसाठी एक बंधन-फाइल प्रसिद्ध करतो. 'पायथन -एम पिप इन्स्टॉल "अपाचे-एअरफ्लो==<आवृत्ती>" --कन्स्ट्रेंट <बंधन-फाइलचा पत्ता>' अशा रूपात तो आदेश दिला जातो. बंधन-फाइल स्वतःहून काहीही बसवत नाही. एखादे पॅकेज बसवायचीच वेळ आली, तर ते याच आवृत्तीत बसवावे, एवढेच ती सांगते. दुसऱ्या कप्प्यात पांडाज २.२ आणि एसक्यूएल-अल्केमी २.० बसतात. दोघांची गाठ पडत नाही, आणि सुरुवातीची त्रुटी इथेच नाहीशी होते.

इंटरप्रिटरच निराळे हवे असल्यास

'वेन्व' नवे इंटरप्रिटर आणत नाही. ज्या पायथनने कप्पा बांधला, त्याच्याच आवृत्तीचा तो राहतो. एअरफ्लोला ३.११ आणि अहवालाला ३.१३ हवे असेल, तर इंटरप्रिटर पुरवणारे साधन लागते. पायएन्व्ह हे या कामातले जुने आणि विश्वासू नाव आहे, पण ते पायथन मूळ कोडपासून कंपाइल करते. त्या वेळी ओपनएसएसएलच्या विकास-फाइली यंत्रावर नसल्या, तर बांधणीच अपयशी ठरते; एसक्यूलाइटच्या नसल्या, तर पायथन बनते खरे, मात्र त्यात 'एसक्यूलाइट३' मॉड्यूलच नसते आणि ते पुढे कोड चालवताना कळते. कंपाइल करताना आलेल्या सूचना न वाचल्याची शिक्षा अशी उशिरा मिळते.

नवा प्रकल्प असेल, तर मी यूव्ही हे साधन सुचवीन. अ‍ॅस्ट्रल या कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेले हे साधन फेब्रुवारी २०२४ मध्ये आले; ते तयार बांधलेले पायथन उतरवून घेते, कप्पा करते आणि पॅकेजेही बसवते. 'यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.११' आणि मग 'यूव्ही वेन्व --पायथन ३.११' एवढे पुरते. एक खाच मात्र आहे: यूव्हीने केलेल्या कप्प्यात पिप बसवलेले नसते. सवयीने 'पिप इन्स्टॉल' टंकले, तर 'पाथ'मधले दुसरेच पिप जागे होते आणि पॅकेज भलतीकडे जाते. तिथे 'यूव्ही पिप इन्स्टॉल' किंवा 'यूव्ही अ‍ॅड' हेच वापरावे.

जीडॅलसारख्या भूगोलविषयक लायब्ररी किंवा ग्राफिक्स कार्डासाठीची कूडा साधने लागणार असतील, तर कोंडा अधिक सोयीचे पडते, कारण ते पायथनबाहेरच्या सी लायब्ररीही त्याच कप्प्यात आणून ठेवते. कोंडात काम करताना आधी कोंडाची सर्व पॅकेजे बसवावीत आणि जी तिथे मिळत नाहीत तेवढीच शेवटी पिपने घ्यावीत. उलटसुलट क्रमाने केल्यास एकाने ठेवलेली फाइल दुसरा बदलतो आणि दोघांच्याही नोंदी खोट्या ठरतात. कार्यालयात वापरताना परवानाही पाहावा. २०२० पासून अ‍ॅनाकोंडाच्या मूळ वाहिनीच्या अटींनुसार २०० हून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना सशुल्क परवाना घ्यावा लागतो. मिनीफोर्ज हे वितरण कोंडा-फोर्ज या सामुदायिक वाहिनीवर चालते, त्यामुळे बहुतेकांनी तेच निवडावे.

कप्पा वेगळा केला, पण आवृत्ती गोठवली नाही, तर

वेगळेपणाने शेजाऱ्याचा त्रास थांबतो. काळाने होणारा बदल थांबत नाही. 'पांडाज' एवढेच लिहिलेली यादी घेऊन जानेवारीत बांधलेला कप्पा आणि जूनमध्ये बांधलेला कप्पा हे दोन निराळे कप्पे असतात. सुरुवातीच्या उदाहरणात कोणीही कोड बदलला नव्हता. कुठेतरी कप्पा नव्याने बांधला गेला आणि पांडाज २.१ च्या जागी २.२ आला, एवढेच घडले होते.

यासाठी दोन याद्या ठेवाव्या लागतात. पहिली माणसाने लिहायची: आपल्याला थेट हवी असलेली मोजकी पॅकेजे आणि त्यांच्या सैल अटी. दुसरी यंत्राने काढायची: त्या अटींमधून निघालेली प्रत्येक लहानमोठ्या पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे ताडण्याचा ठसा). पिप-टूल्समध्ये पहिली यादी 'रिक्वायरमेंट्स.इन' आणि दुसरी 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' असते, आणि 'पिप-कंपाइल --जनरेट-हॅशेस' हा आदेश पहिलीतून दुसरी काढतो. यूव्हीत पहिली 'पायप्रोजेक्ट.टॉमल' आणि दुसरी 'यूव्ही.लॉक' असते. 'पिप फ्रीझ' ही दुसरी यादी देते असे वाटते, पण ती या यंत्रावर आत्ता जे काही पडले आहे त्याची मोजदाद असते. कोणते पॅकेज आपण मागितले आणि कोणते मागोमाग आले, हे तिच्यावरून कळत नाही, आणि मॅकवर काढलेली अशी यादी लिनक्सवर लागू पडेल याची खात्री नसते. यूव्हीची लॉक फाइल निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांसाठीची उत्तरे एकत्र नोंदवते.

पहिली यादी लिहिताना ऐच्छिक अवलंबने उघडपणे मागावीत. 'पांडाज' न लिहिता 'पांडाज[पोस्टग्रेसक्यूएल]' असे, निदान २.२ या आवृत्तीची अट घालून, लिहिले, की एसक्यूएल-अल्केमी २.० ची अट सोडवणाऱ्या यंत्रणेच्या नजरेस येते. मग एअरफ्लोसोबतचा संघर्ष पॅकेज बसवतानाच 'या अटी एकत्र पूर्ण होऊ शकत नाहीत' अशा स्पष्ट शब्दांत समोर येतो. पिपची नवी सोडवणूक-यंत्रणा नोव्हेंबर २०२० मधील २०.३ या आवृत्तीपासून चालू आहे. त्याआधीचे पिप असे विरोध निमूटपणे गिळत असे. मात्र आजही, जी अट कोणी लिहिलेलीच नाही ती पिपला पाळता येत नाही.

लॉक फाइल गिटमध्ये नोंदवावी. सर्व्हरवर आणि स्वयंचलित चाचण्यांत 'यूव्ही सिंक --लॉक्ड' वापरावे, म्हणजे लॉक फाइल शिळी असल्यास काम तिथेच थांबते. सुधारणा करताना सगळे एकदम न हलवता 'यूव्ही लॉक --अपग्रेड-पॅकेज पांडाज' असे एकेक पॅकेज पुढे न्यावे; काही मोडलेच, तर संशयित एकच राहतो. आपण अ‍ॅप्लिकेशन न लिहिता इतरांनी वापरायची लायब्ररी लिहीत असू, तर मात्र प्रसिद्ध करताना अटी सैल ठेवाव्यात, नाहीतर आपणच दुसऱ्यांच्या संघर्षाचे कारण बनतो.

कप्प्यांमधील देवाणघेवाण

दोन कप्पे केले, पण एअरफ्लोने अहवालाचे काम चालवायचे तर आहेच. एअरफ्लो २.४ पासून 'एक्स्टर्नल पायथन ऑपरेटर' ही सोय आहे: त्याला दुसऱ्या कप्प्यातील पायथनचा पूर्ण मार्ग दिला, की फंक्शन त्या पायथनमध्ये स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालते. त्यासाठी एअरफ्लो त्या फंक्शनचा मजकूर उचलून एका तात्पुरत्या स्क्रिप्टमध्ये घालतो. त्यामुळे फाइलच्या वरच्या भागात लिहिलेल्या आयाती तिथे पोहोचत नाहीत. 'इम्पोर्ट पांडाज' ही ओळ फंक्शनच्या आतच लिहावी लागते. ती वर लिहिली, तर एअरफ्लोचा कप्पा फाइल वाचतानाच पांडाज मागू लागतो आणि वेगळेपणाचा हेतूच फसतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न सीमेपलीकडे काय पाठवायचे हा आहे. फंक्शनचे निविष्ट आणि परतावा पिकल करून, म्हणजे वस्तूंचे बाइटांत रूपांतर करून, पाठवले जातात, आणि पिकलमध्ये वस्तू ज्या लायब्ररीची असते तिच्या अंतर्गत मॉड्यूलांची नावे गोठलेली असतात. नमपाय २ मध्ये पिकल केलेला अ‍ॅरे १.२४ असलेल्या कप्प्यात उघडू पाहिला, तर 'नमपाय._कोर' नावाचे मॉड्यूल सापडत नाही असे उत्तर येते, कारण त्या जुन्या आवृत्तीत ते नाव अस्तित्वातच नाही. म्हणून सीमेवरून तारखा, आकडे, मजकूर आणि साध्या याद्या एवढेच जाऊ द्यावे. मोठा डेटा पार्केट फाइलमध्ये किंवा डेटाबेसच्या तक्त्यात लिहून फक्त त्याचा पत्ता परत करावा. हा नियम पाळला, तर उद्या दुसरा कप्पा कंटेनरमध्ये किंवा दुसऱ्या यंत्रावर नेला तरी कोडमध्ये फार बदल करावे लागत नाहीत.

कंटेनर कधी आणि कसा

सिस्टिम लायब्ररी जुळत नसतील, किंवा विकासकाचा मॅक आणि सर्व्हरवरचे लिनक्स यांतला फरक नडत असेल, तर कंटेनरची वेळ आली असे समजावे. कल्पना जुनी आहे. प्रक्रियेला दिसणारे मूळ फोल्डर बदलणारा 'सीएचरूट' १९७९ च्या युनिक्समध्ये होता, आणि फ्रीबीएसडीने २००० मध्ये 'जेल' आणले. मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी दाखवलेल्या डॉकरने प्रक्रियांना एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या लिनक्सच्या नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयी एका सोप्या आदेशामागे आणल्या. लिनक्सवर कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतो, आभासी यंत्रासारखा स्वतःचा आणत नाही. मॅक आणि विंडोजवरचे डॉकर डेस्कटॉप मात्र आत एक लहान लिनक्स आभासी यंत्र चालवते.

इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो साचा, बांधण्याच्या पायऱ्या डॉकरफाइलमध्ये लिहितात; ती लिहिताना पाया म्हणून 'पायथन:३.१२-स्लिम' सारखी नेमकी खूण असलेली इमेज घ्यावी. 'लेटेस्ट' कधीही घेऊ नये. आकाराने लहान म्हणून अल्पाइन निवडण्याचा मोह होतो, पण अल्पाइन ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरते, त्यामुळे नेहमीची तयार बांधलेली मेनीलिनक्स पॅकेजे तिथे चालत नाहीत. मसलसाठीचे पॅकेज उपलब्ध नसेल, तर ते मूळ कोडपासून कंपाइल करावे लागते, आणि वाचवलेल्या मेगाबाइटांच्या बदल्यात प्रत्येक बांधणीत मिनिटे खर्च होतात. डेटाच्या कामासाठी स्लिम इमेजच बरी.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी 'पायप्रोजेक्ट.टॉमल' आणि लॉक फाइल एवढ्याच फाइली कॉपी कराव्यात, मग पॅकेजे बसवावीत, आणि आपला कोड सर्वांत शेवटी कॉपी करावा. डॉकर प्रत्येक पायरीचा थर साठवून ठेवतो आणि एखाद्या पायरीचे निविष्ट बदलले की तिथून पुढचे सगळे थर नव्याने बांधतो. कोड आधी कॉपी केला, तर एका ओळीच्या दुरुस्तीसाठीही सगळी पॅकेजे पुन्हा उतरतात. '.डॉकरइग्नोर' फाइलमध्ये '.वेन्व' आणि '.गिट' यांची नावे न विसरता घालावीत. मॅकवरचा कप्पा इमेजमध्ये शिरला, तर त्यातील मॅकसाठी बांधलेल्या फाइली लिनक्सवर चालत नाहीत. शेवटी 'यूझर' या सूचनेने साधा वापरकर्ता नेमावा, म्हणजे प्रोग्रॅम रूट म्हणून चालत नाही.

अ‍ॅपलच्या एम मालिकेतील यंत्रांवर बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरसाठीची असते. ती इंटेल किंवा एएमडीच्या सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देते. बांधताना '--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४' सांगावे, किंवा इमेज स्वयंचलित चाचण्यांच्या सर्व्हरवरच बांधावी. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे.

डेटाबेसला वेगळे ठेवताना

पोस्टग्रेस यंत्रावर थेट बसवण्याऐवजी कंपोझ फाइलमध्ये (कोणते कंटेनर एकत्र चालवायचे हे सांगणाऱ्या फाइलीत) सेवा म्हणून ठेवला, तर प्रत्येक प्रकल्पाला हवी ती आवृत्ती मिळते. मात्र पॅकेजांचे कप्पे बिनधास्त पुसता येतात, डेटाबेसचा डेटा तसा पुसता येत नाही. म्हणून इथे घाई नको.

इमेजची खूण निदान मुख्य आवृत्तीपर्यंत लिहावी, जसे 'पोस्टग्रेस:१६'. पोस्टग्रेसच्या मुख्य आवृत्त्यांचे डेटा-फोल्डर एकमेकांशी सुसंगत नसतात. 'लेटेस्ट' लिहिलेले असेल आणि एखाद्या दिवशी नवी इमेज उतरली, तर 'डेटाबेसच्या फाइली सर्व्हरशी विसंगत आहेत' असे सांगून सेवा सुरूच होत नाही. अशा वेळी घाबरून व्हॉल्यूम (डॉकरने डेटा जपून ठेवलेली जागा) पुसू नये. डेटा शाबूत असतो, आणि जुनी खूण परत लिहिली की सेवा उठते. १६ वरून १७ वर खरोखर जायचे असेल, तर जुनी सेवा चालू असतानाच १७ मधील 'पीजी_डम्पऑल' वापरून संपूर्ण प्रत काढावी, नव्या नावाचा व्हॉल्यूम जोडून १७ ची सेवा सुरू करावी, प्रत तिथे भरावी, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत जुना व्हॉल्यूम जपून ठेवावा. १८ पासून अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूम जोडण्याची जागा 'पोस्टग्रेसक्यूएल/डेटा' ऐवजी एक पातळी वर, 'पोस्टग्रेसक्यूएल' या फोल्डरवर आली आहे, हेही त्या वेळी पाहावे.

यंत्रावर आधीच एखादा पोस्टग्रेस चालू असेल, तर ५४३२ हे पोर्ट अडलेले असते. कंपोझमध्ये '५४३३:५४३२' लिहिले, की बाहेरून ५४३३ वापरता येते. कंटेनरच्या आतून मात्र दुसऱ्या कंटेनरला 'लोकलहोस्ट' म्हणून हाक मारता येत नाही, कारण तिथे लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. सेवेचे नाव, समजा 'डीबी', आणि मूळचे ५४३२ हेच पोर्ट वापरावे. 'डिपेंड्स_ऑन' एवढेच लिहिल्याने डेटाबेस जोडणी स्वीकारण्यास तयार होईपर्यंत कोणी थांबत नाही. त्यासाठी 'पीजी_इझरेडी' वापरणारी आरोग्य-तपासणी लिहून 'सर्व्हिस_हेल्दी' ही अट जोडावी. 'डॉकर कंपोझ डाउन' आणि 'डॉकर कंपोझ डाउन -व्ही' यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि ते अक्षर नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसते.

खात्री आणि आवराआवर

सगळे जुळल्यावर एकदा '.वेन्व' फोल्डर पुसून, गिटमधून प्रकल्पाची ताजी प्रत वेगळ्या ठिकाणी घेऊन, फक्त लॉक फाइलवरून कप्पे पुन्हा बांधावेत आणि चाचण्या चालवाव्यात. हातांनी बसवलेले आणि यादीत लिहायचे राहून गेलेले एखादे पॅकेज असेलच, तर ते इथे उघडे पडते. बंद नेटवर्कवर काम करणाऱ्या कार्यालयांनी याच टप्प्यावर 'पिप डाउनलोड'ने सर्व पॅकेजे एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवावीत आणि आतल्या यंत्रावर '--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' देऊन तेथूनच बसवावीत.

डॉकर डिस्क किती खात आहे हे 'डॉकर सिस्टिम डीएफ' सांगतो, आणि 'डॉकर इमेज प्रून' बेवारस इमेजी काढतो. यूव्हीचा साठा 'यूव्ही कॅश प्रून'ने हलका होतो. अनावश्यक झालेले कप्पेही काढून टाकावेत. एअरफ्लोची नवी आवृत्ती आली, की एका रिकाम्या कप्प्यात 'पायथन -एम पिप इन्स्टॉल --ड्राय-रन' या आदेशाला एअरफ्लो आणि 'पांडाज[पोस्टग्रेसक्यूएल]' ही दोन्ही नावे देऊन पाहावे. काहीही न बसवता पिप फक्त उत्तर शोधते. ते सापडले आणि पांडाजची आवृत्ती आपल्याला हवी तीच निघाली, तर दुसरा कप्पा मोडून दोन्ही कामे एकत्र आणता येतील. नाही सापडले, तर कोणती अट कोणाला आडवी येते आहे, हे संदेशाच्या शेवटच्या ओळींत लिहिलेले असते.